चिंचेला पाणी लागू दे

आमच्या घरात डोक्याच्या वर काही ठेवायचं नाही, असा नियम होता. भिंतीत फडताळ नाही, फळी नाही, पोटमाळा तर नाहीच. भांडी जमिनीवर पाट टाकून मांडलेली, धान्याचे डबे कमरेच्या आत, देवसुद्धा एका बुटक्या चौरंगावर. माझी पुस्तकं पलंगाखाली, खोक्यांत. एखादं पुस्तक हवं असलं की गुडघे टेकून, मान वाकडी करून शोधावं लागे. नव्यानं आलेल्या पाहुण्याला वाटायचं, ह्यांचं घर अजून लावून व्हायचंय.

नियम अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा. भूकंपानंतरचा.

ते सगळं पुन्हा सांगण्याचं त्राण माझ्यात नाही, आणि आमच्या भागातल्या माणसाला ते सांगावंही लागत नाही. जुन्या गावात आमचं घर दगडमातीचं होतं. भिंती दोन हात रुंद, वर सागाच्या तुळयांवर मातीचं माळवद. मी तेव्हा चौदा वर्षांची होते. अण्णांनी मला दंडाला धरून अंगणात अक्षरशः फेकलं. आईला ओढून काढलं, तिच्या कडेवर भाऊ होता. मग ते धाकटीसाठी परत वळले, तेव्हा दार जागेवर राहिलं नव्हतं. धाकटी चार वर्षांची होती.

पुढं सरकारनं वर गायरानात नवं गाव वसवलं. सरळ रस्ते, एकसारखी घरं, प्रत्येक घरावर स्लॅब. आम्हालाही एक मिळालं. अण्णा त्या घरात एक दिवसही झोपले नाहीत. त्यांनी ते माझ्या चुलत्याला राहायला दिलं आणि तेरणेच्या काठाला, आमच्या रानात, पत्र्याचं घर बांधलं. "पत्रा अंगावर पडला तर खोक पडती, जीव जात न्हाय," असं ते सांगायचे. नदी जवळ आहे, हे कुणी त्यांना बोलून दाखवलं नाही. तेव्हा सगळ्यांच्या बोलण्यात जमीनच होती. पाण्याची आम्हाला वाटच बघावी लागायची.

संकटाची तयारी म्हणाल तर आमच्यासारखी कुणाचीच नव्हती. पलंगाखाली एक पत्र्याची पेटी. तिच्यात सातबाऱ्याचे उतारे, रेशनकार्ड, टॉर्च, मेणबत्त्या, दोरखंड, एक घोंगडी आणि पीटीच्या मास्तरांकडं असते तसली शिट्टी. दर अमावस्येला अण्णा ती पेटी बाहेर काढायचे. टॉर्चचे सेल बदलायचे, काडेपेटी नवी ठेवायचे, घोंगडीला ऊन दाखवायचे. झोपताना दाराला कडी लावायची नाही, नुसती सुतळी अडकवायची. आणि मधूनच, आम्ही जेवायला बसलेलो असताना, शिट्टी वाजवायचे. शिट्टी वाजली की हातातला घास टाकून मोकळ्या रानात पळायचं. आई गुडघ्यावर हात ठेवून उठायची आणि म्हणायची, "चला गं, येडशीची गाडी सुटली." तिच्या ह्या बोलण्यावर अण्णा हसले नाहीत, पण चिडलेही नाहीत कधी.

आई गेली. भाऊ पुण्याला नोकरीला लागला. मी उमरग्याच्या शाळेत शिकवते, एसटीनं जाऊनयेऊन. तीन वर्षांपूर्वी अण्णांना लकवा मारला आणि उजवा पाय गेला. वॉकर धरून ते अंगणापर्यंत जायचे. पेटी आता मी काढायची आणि ते खुर्चीवरून बघायचे. "सेल उलटा घातलाय बाई," एवढं त्यांना तिथूनही दिसायचं.

यंदा सोयाबीन काढणीला आलं आणि पाऊस लागला. दोन दिवस थांबायचं नावच नाही. तिसरा दिवस रविवार होता. सकाळी आठच्या सुमाराला कोतवाल आला, डोक्यावर खताचं पोतं पांघरून. अंगणातूनच ओरडला, "काका, वरल्या धरणाची दारं उघडलीत. नदीकडच्या समद्यांनी दुपारच्या आत शाळेत यायचं. म्या निरोप दिलाय, मागनं मला बोलू नका."

"बोलत न्हाय. च्या घेऊन जा," अण्णा म्हणाले.

"च्या न्हाय काका, अजून अकरा घरं हायत."

शाळा नव्या गावात, उंचावर. आमच्या रानातून तिकडं जायला एकच वाट, आणि वाटेत ओढा. ओढ्यावर फरशी होती, म्हणजे कठडे नसलेला बुटका पूल. अण्णांना त्या फरशीपलीकडं वेळेत न्यायचं, एवढं एकच काम त्या दिवशी माझ्याकडं होतं. दुसरं काहीही नाही. हे मी आज लिहिताना स्पष्ट लिहिते आहे. त्या सकाळी मला दुसरी पुष्कळ कामं दिसत होती.

मी आधी भावाला फोन लावला. तो लगेच म्हणाला, "आक्का, निघा. आत्ता निघा. अण्णाला दे फोन."

अण्णांनी फोन कानाला लावला, ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पुण्यात पाऊस हाय का रे? मग घरात बस." आणि फोन माझ्याकडं दिला.

मी म्हटलं, "अण्णा, निघू या का?"

आता कळतं, की मी विचारलं हीच चूक होती. पण मला दुसरं काही बोलताच आलं नसतं. ज्या हातानं मला भिंतीखालून बाहेर फेकलं, त्या हाताला मी काय सांगणार, की चला? घरातून कधी बाहेर पडायचं हे त्यांनीच ठरवायचं, असं आमच्याकडं न बोलता ठरलेलं होतं.

त्यांनी खिडकीतून खाली बघितलं. आमच्या रानाच्या खालच्या बांधावर एक चिंच आहे. नदी तिच्यापासून चांगली शंभर पावलं. "चिंचेला पाणी लागू दे," ते म्हणाले, "मग निघू."

नऊ वाजता चुलत भाऊ ट्रॅक्टर घेऊन आला. त्याची दोन जनावरं आमच्या गोठ्यात असतात. ट्रॉलीत ताडपत्री अंथरली होती, वर एक गादी. अण्णांसाठीच आणली होती, दिसत होतं.

"काका, चला. गादी टाकलीय. नवरदेवासारखं नेतो तुम्हाला."

"आधी जनावरं ने. मी कुठं पळून चाललोय?"

"तुम्ही पळणार न्हाय, त्याचंच तर भ्या हाय."

"भूकंपात कुठं होतास तू?"

"आईच्या वट्यात. तान्हा हुतो."

"मग मला शिकवू नको."

"काका, ती जमीन होती. हे पाणी हाय. ते तुमची ओळख बघून थांबायचं न्हाय."

अण्णांनी तोंड खिडकीकडं फिरवलं. चुलत भावानं माझ्याकडं बघितलं. मी नुसतं म्हणायचं होतं, उचल त्यांना. त्यानं उचललं असतं, अण्णांचं वजन ते किती राहिलं होतं. अण्णा ओरडले असते, चार दिवस माझ्याशी बोलले नसते. एवढंच झालं असतं. मी म्हणाले, "जनावरं सोडून ये तू. तोवर मी आवरते." तो डोक्याला हात लावून गोठ्याकडं गेला.

आणि मी खरंच आवरायला लागले. अण्णांच्या गोळ्या पिशवीत भरल्या. धपाटे केले. हे काही फसवणं नव्हतं, बाहेर पडायचं तर डबा हवाच. पण पीठ मळताना मला बरं वाटत होतं, हे खरं. हात कामात होते तोवर निर्णय माझ्याकडं नव्हता.

मग लक्षात आलं, पाणी घरात आलंच तर सामान वर ठेवायला हवं. मी पीठ लागल्या हातानं घराच्या मधोमध उभी राहिले आणि चारी भिंतींकडं बघितलं. वर म्हणून जागाच नव्हती. एक खुंटीसुद्धा नाही. तीसेक वर्षं आम्ही सगळं घर जमिनीला लावून ठेवलं होतं. वरून येणाऱ्या प्रत्येक गोष्टीचा विचार केला होता. तांदळाचा डबा पलंगावर ठेवला, त्याच्यावर गहू, त्याच्यावर पुस्तकांचं एक खोकं. दुसरं मावलं नाही. अण्णा खुर्चीवरून बघत होते. म्हणाले, "वर रचू नको, पडंल."

अकराला चिंचेच्या बुंध्याला पाणी लागलं. गढूळ, फेसाळलेलं, आवाज न करता आलेलं. मी म्हटलं, "अण्णा, लागलं."

त्यांनी बराच वेळ बघितलं. "येतंय तसं उतरंल. गोठ्याच्या दगडाला लागू दे."

पुन्हा भावाचा फोन आला, मी सांगितलं, निघतोच आहोत. चुलत भावाचा आला, त्यालाही तेच. त्याला चिखलातून जनावरं वर नेता नेता वेळ लागला होता. काळ्या रानातला तो रस्ता, ट्रॉली दोनदा रुतली.

उमरग्याला माझ्या शाळेतल्या एका बाईंचं घर आहे. दोन खोल्या, वर पत्रे. मागं एकदा त्या म्हणाल्याही होत्या, पावसाळ्याचं वडिलांना घेऊन या इकडं चार दिवस. ते घर मला त्या सकाळभर आठवत होतं. नऊ वाजता ट्रॉलीतून हमरस्त्याला, तिथून जीपनं उमरगा. कोरड्या कपड्यांत, गोळ्यांच्या वेळेआधी. अण्णांना तिथं स्लॅबखाली झोपावं लागलं नसतं. मी हे त्यांना सांगितलंच नाही. सांगितलं असतं तर त्यांना नाही म्हणता आलं नसतं, आणि मग निघावंच लागलं असतं. मी नेमकी कशाला भीत होते, ह्याचं उत्तर अजून नीट सापडलेलं नाही.

साडेबाराला गोठ्याचा दगड बुडाला. अण्णांनी पुढची खूण सांगितली, ओट्याची पायरी. ह्या वेळी माझ्याकडं न बघता सांगितली. भूकंपानं त्यांना कधी विचारलं नव्हतं, की निघता का? त्यांच्या सगळ्या आयुष्याची तयारी एका झटक्याची होती, शिट्टी आणि पळ. हे असं तासातासानं येणारं संकट त्यांच्या हिशेबात नव्हतं, माझ्याही नव्हतं. आम्ही दोघं खिडकीशी बसून पुढून येणारं पाणी बघत राहिलो.

दीडला चुलत भावाचा फोन आला. वाऱ्यात आवाज फाटत होता. "आक्का, फरशीवरनं पाणी चाललंय!"

नदी तुंबली की ओढ्याचं पाणी मागं फुगतं. शेतकऱ्याच्या घरात जन्मून हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण आमच्या तिन्ही खुणा नदीच्या बाजूला होत्या. घराला पाणी लागायच्या आधी वाट जाईल, हे दोघांपैकी एकाच्याही मनात आलं नाही.

तो आला. ट्रॉली सोडून, नुसतं ट्रॅक्टरचं मुंडकं घेऊन आला, सोबत गावातले दोघं. ह्या वेळी कुणी कुणाला विचारलं नाही. दोघांनी अण्णांना खुर्चीसकट उचललं, मडगार्डावर बसवलं आणि एकजण त्यांना मिठी मारून बसला. दुसऱ्या मडगार्डावर मी. पेटी न्यायला जागा नव्हती. गोळ्यांची पिशवी माझ्या गळ्यात होती, वॉकर मागं अडकवलेला. फरशीवर चाकाच्या मध्यापर्यंत पाणी होतं. चुलत भाऊ एकसारखा बोलत होता, ट्रॅक्टरशी, "चल राजा, चल, थांबू नको." पाण्याचे सपकारे अण्णांच्या छातीपर्यंत उडत होते. त्यांनी डोळे मिटले नाहीत. वॉकर वाहून गेला तेव्हा त्याच्याकडं बघितलं फक्त.

शाळेत सगळं गाव होतं. वर्गांत सतरंज्या टाकलेल्या, चुली पेटलेल्या, बायका पोरांची डोकी पुसत होत्या. अण्णांना दारापर्यंत आणलं आणि त्यांनी चौकट धरली.

"मी आत येणार न्हाय."

"अण्णा, वर लोखंड आहे, भूकंपानंतरच बांधलंय हे."

"जुन्या घरावर साग हुता," ते म्हणाले. "समदे म्हणायचे, पिढ्यान् पिढ्या हलायचं न्हाय."

पोषण आहार शिजवायची पत्र्याची शेड होती, दोन बाजूंनी उघडी. अण्णांना तिथं नेलं. चुलत भावानं ताडपत्री बांधली, त्याच्या बायकोनं कोरडं धोतर आणि दोन चादरी आणल्या. पण वारं चहूकडून येत होतं आणि पाऊस आडवा. मी त्यांचे पाय चोळत होते. ते म्हणाले, "धपाटे आणलेस का?" डबा घरीच राहिला होता.

दुसऱ्या दिवशी ते खोकायला लागले. तिसऱ्या दिवशी पाणी उतरलं, रस्ता उघडला आणि आम्ही त्यांना उमरग्याला दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, छातीत पाणी झालंय. सात दिवस होते तिथं. वॉर्डाला स्लॅब होता. आता त्यांच्या ते लक्षात आलं की नाही, मला सांगता येणार नाही. मी विचारलं नाही.

मातीला आलेले सगळे एकच म्हणत होते, वय झालं होतं, सुटले. चुलत भाऊ तेवढा म्हणाला नाही. तो काहीच म्हणाला नाही, आणि मला तेच बरं वाटलं.

घरात कमरेइतका गाळ होता. पेटी उघडली तर पाणी निघालं, उतारे एकमेकांना चिकटून लगदा झाले होते. पलंगावरचं एक खोकं तेवढं वाचलं, बाकी पुस्तकं फुगून उघडत नव्हती. भाऊ आणि मी आठवडाभर गाळ उपसत होतो. त्यानं सुताराला बोलावून भिंतीला खांद्याच्या वर दोन फळ्या मारून घेतल्या. मी मध्ये पडले नाही. वाचले तेवढे कागद आता प्लास्टिकच्या बरणीत आहेत आणि बरणी फळीवर आहे. भावानं मोठ्या कागदावर गोळ्या, फोन नंबर, कुणी काय उचलायचं, असं सगळं लिहून दाराच्या आतल्या बाजूला डकवलं. कधी निघायचं, तिथं त्यानं जागा कोरी सोडली होती. "आक्का, हे तू लिही," म्हणाला. मी लिहिलं, निरोप आला की. एवढंच लिहिलं. खूण लिहिली नाही.

दहाव्याच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा आभाळ आलं. दुपारी कोतवालाचा फोन, धरणातून पाणी सोडणार आहेत, सावध राहा. भाऊ अंगणात जाऊन नदीकडं बघून आला.

"पात्रातच आहे अजून. तासभर बघू या का?"

"नाही. चल."

"आक्का, ऊन पडलंय बघ वर."

"पडू दे."

आम्ही निघालो. बरणी, दोन चादरी, पाण्याचा कॅन. गोळ्या कागदावर होत्या, पण आता कुणाच्या नव्हत्याच. ओढ्यात घोटाभर पाणी होतं, फरशी कोरडी. वाटेत एक बाई सोयाबीनच्या गंजीवर ताडपत्री ओढत होती. तिनं विचारलं, "का गं, कुठं चाललात?" भाऊ ओशाळून म्हणाला, "वर." ती म्हणाली, "इतक्यात?" आणि हसली.

शाळेत कुणीच आलेलं नव्हतं. आम्ही पायऱ्यांवर बसलो. पुढं थंडी वाजायला लागली म्हणून वर्गात गेलो आणि भिंतीला टेकलो. वर स्लॅब होता. मी बराच वेळ त्याच्याकडं बघत राहिले, मग डोळे मिटले. पाऊस चार थेंब आला. कोतवालाचा फोन आला, दारं उघडायचं रद्द झालंय, जावा घरी.

भाऊ चादरीची घडी घालत म्हणाला, "उगंच आलो ना आक्का?"

"व्हय," मी म्हटलं. "उगंच."

त्यानं माझ्याकडं बघितलं. मला एवढंच हवं होतं, असं उगंच निघणं. त्या रविवारी नऊ वाजता, गादीवर बसवून, शिव्या खात. संध्याकाळी नदी पात्रात राहिली असती तर अण्णा मला आयुष्यभर टोमणे मारत राहिले असते, आणि मी ते ऐकत बसले असते.

मी उठले. वर्गाचं दार ओढून घेतलं आणि आम्ही खाली रानाकडं चालायला लागलो.